भूतगाम, पाच बीजे आणि अजिंठ्याच्या रांगेतील वन

वनसंरक्षणाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्यात दोन टोके दिसतात. एका टोकाला झाडात देव पाहून त्याच्याभोवती सूत गुंडाळणारी श्रद्धा आहे. दुसऱ्या टोकाला लावलेल्या रोपांचे आकडे जाहीर करणारा उत्साह आहे. २०१६ ते २०१९ या काळात महाराष्ट्र शासनाने पन्नास कोटी वृक्षलागवडीचा संकल्प केला आणि त्यांपैकी ३३ कोटींचे उद्दिष्ट एकट्या २०१९ सालासाठी ठेवले. या दोन्ही टोकांमध्ये एक मूलभूत प्रश्न मात्र राहून जातो. तोडले गेलेले, जळालेले, वाळलेले वन स्वतःहून पुन्हा कसे उभे राहते, आणि कोणत्या अवस्थेत ते पुन्हा उभे राहू शकत नाही?

या प्रश्नाचा विचार बुलढाणा जिल्ह्यातील धाड आणि त्याच्या आसपासचा डोंगराळ प्रदेश समोर ठेवून करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या कामी पालि विनयातील एक जुने वर्गीकरण आपल्याला उपयोगी पडेल आणि दीघनिकायातील एका सुत्ताचाही आधार घेता येईल.

धाडचा परिसर

धाड हे बुलढाणा तालुक्यातील मोठे गाव. बुलढाणा शहराच्या नैर्ऋत्येस, वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या सीमेवर ते वसले आहे. हद्द ओलांडली की जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुका लागतो. १९४८ पूर्वी ही सीमा दोन राजवटींची होती. अलीकडे इंग्रजी अमलाखालील वऱ्हाड आणि पलीकडे निजामाचे राज्य. त्याहून मागे गेल्यास हा सर्व मुलूख बौद्ध संस्कृतीचा होता. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. भारहुत आणि सांची येथील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख आहे. पश्चिमेकडे याच डोंगररांगेच्या कुशीत, वाघोरा नदीच्या वळणावर, अजिंठ्याची लेणी आहेत.

ही रांग मोठी जलविभाजक आहे. पैनगंगा बुलढाणा तालुक्यातच मढ या गावाजवळ उगम पावते आणि वर्धा व प्राणहिता यांच्या मार्गाने तिचे पाणी गोदावरीला मिळते. उत्तरेकडे उतरणाऱ्या नळगंगा, विश्वगंगा आणि ज्ञानगंगा या नद्या पूर्णेला मिळतात व पूर्णा तापीला. म्हणजे एकाच माथ्यावर पडलेल्या पावसाचे काही पाणी बंगालच्या उपसागराला आणि काही अरबी समुद्राला जाते. या माथ्यावरील झाडोरा टिकला तर पाणी जमिनीत मुरते. तो गेला तर पाणी माती घेऊन खाली धावते. म्हणून येथील वनाचा प्रश्न हा विहिरींचा आणि शेतीचाही प्रश्न आहे.

येथील वन शुष्क पानगळीचे आहे. वर्षाचा पाऊस साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर, तोही बहुतांशी चार महिन्यांत. खाली काळा पाषाण, वर मुरूम आणि मातीचा पातळ थर. अशा जागी साग, अंजन, सालई, धावडा, मोई, खैर, तेंदू, पळस, मोह, बेल, बिबा, आपटा अशी झाडे आणि त्यांच्या मधून पवन्या, मारवेल, कुसळ ही गवते वाढतात. बुलढाण्याच्या पूर्वेकडील ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर आहे. अस्वल, बिबट्या, नीलगाय हे तेथील परिचित प्राणी. पूर्वी डोंगरउतारांच्या खालीही बरेच रान होते. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला भाव आला, त्याच दशकात लोहमार्ग आला. नांगर वर चढत गेला आणि रान माथ्यावर व उतारावर उरले.

विनयातील भूतगाम

आता पालि वाङ्मयाकडे वळू. विनयपिटकातील पाचित्तिय नियमांपैकी अकरावा नियम भूतगामाविषयी आहे. भूतगाम म्हणजे वाढलेली, जिवंत वनस्पती. आळवी येथे भिक्खू नव्या बांधकामासाठी झाडे तोडीत व तोडवीत होते. वृक्षाच्या ठायी जीव आहे असे मानणाऱ्या लोकांनी त्यांना नावे ठेवली आणि तथागतांनी भिक्खूंसाठी वनस्पतींच्या नाशाविरुद्ध नियम घालून दिला. या निदानकथेत वृक्षदेवतेचाही प्रसंग आहे. आजच्या बुद्धिनिष्ठ वाचकाने देवतेपाशी अडखळण्याचे कारण नाही. नियमाच्या विवरणात जे येते ते निव्वळ निरीक्षण आहे आणि आपल्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहे.

भूतगाम म्हणजे काय, हे सांगताना विनयात वनस्पतींची विभागणी उंची, फूल किंवा फळ यांवरून केलेली नाही. ती पुन्हा कशापासून उगवते यावरून केली आहे. असे पाच प्रकार सांगितले आहेत: मूलबीज, खन्धबीज, फळुबीज, अग्गबीज आणि बीजबीज. मूलबीज म्हणजे मुळापासून वा कंदापासून येणारी. उदाहरणे हळद, आले, वेखंड अशी आहेत. खन्धबीज म्हणजे खोडापासून येणारी; पिंपळ, वड, उंबर. फळुबीज म्हणजे पेरापासून येणारी; ऊस, वेळू, बोरू. अग्गबीज म्हणजे शेंड्याच्या फांदीपासून येणारी. तुळशीच्या जातीची झुडपे. बीजबीज म्हणजे प्रत्यक्ष बियांपासून येणारी. धान्ये आणि कडधान्ये.

बी हा वनस्पतीच्या पुनरागमनाचा केवळ एक मार्ग आहे, एकमेव नव्हे, ही गोष्ट या वर्गीकरणात स्पष्टपणे गृहीत धरलेली आहे. आजच्या वनशास्त्राच्या दृष्टीने हे अत्यंत मोलाचे आहे.

वन सावरते कसे

कॅनडातील पर्यावरणशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ साली एक महत्त्वाचा भेद मांडला. धक्का बसल्यावर एखादी व्यवस्था पूर्वस्थितीला किती लवकर येते हा एक प्रश्न. आणि मूळ स्वरूप न गमावता ती किती मोठा धक्का पचवू शकते हा दुसरा. या दुसऱ्या गुणाला आपण सावरण्याची शक्ती म्हणू. वरवर स्थिर दिसणारे वन या शक्तीच्या दृष्टीने पोकळ असू शकते, आणि उन्हाळ्यात जळाल्यासारखे दिसणारे रान आतून बळकट असू शकते.

बुलढाण्याच्या रानात ही शक्ती मुख्यतः जमिनीखाली असते. साग तोडला तर खुंटातून जोमदार फुटवे येतात. मुळांत साठवलेले अन्न त्यांना पोसते. सागाची लागवडही बियांऐवजी बहुधा सागजडीने, म्हणजे रोपाचे मूळ व खोडाचा आखूड तुकडा लावून, केली जाते. तेंदू व पळस यांच्या मुळांतून दूरवर धुमारे निघतात. मोई आणि सालई यांची जाड फांदी पावसाच्या तोंडावर रोवली तरी ती मूळ धरते. अंजनाचे रोप पहिली काही वर्षे वरून वाळते, पुन्हा फुटते, पुन्हा वाळते. त्या काळात त्याचे सोटमूळ खडकाच्या भेगांतून खोल जात असते. एक दिवस ते मूळ ओलाव्याला पोहोचते आणि मग खोड वाढू लागते. वरवर पाहणाऱ्याला जे वाळके काटूक वाटते ते कित्येकदा दहा वर्षांचे झाड असते.

मोह आणि चारोळी यांचे नवे वय मात्र बहुतांशी बियांवर अवलंबून आहे. मोहाचे बी पावसाच्या आरंभी पडते आणि फार काळ टिकत नाही. त्याच पावसात ते रुजले तर रुजले.

म्हणजे एकाच टेकडीवर काही झाडे मुळातून, काही खोडातून, काही फांदीतून, काही बियांतून पुन्हा येण्याची तयारी ठेवून उभी असतात. कुऱ्हाड आली तर साग आणि तेंदू सावरतात. आग आली तर जाड सालीची झाडे तगतात. बी फळण्याचे वर्ष हुकले तर धुमारे ती उणीव भरून काढतात. पावसाळ्यात सागाची पाने खाणाऱ्या अळ्या येतात तेव्हा निव्वळ सागाचे रोपवन पाहता पाहता जाळीदार होते. मिश्र रानात त्याच वेळी धावडा, बेल आणि मोई हिरवे असतात व जमिनीवरची सावली कायम राहते. जैवविविधतेचे कार्य हे आहे. ती वनाची शोभा नव्हे; ती वनाच्या सावरण्याचे अनेक मार्ग उघडे ठेवते.

मार्ग बंद कसे होतात

प्रत्येक मार्गाला मर्यादा आहे. खुंटातून फुटवे येतात हे खरे, पण दर दोन-तीन वर्षांनी सरपणासाठी ते कापले गेले तर मुळांतील साठा आटत जातो आणि शेवटी खुंट मरतो. आग एकदा लागली तर मुळे वाचतात. दरवर्षी लागली तर अंकुरलेले रोप कधीच गुडघ्याच्या वर जात नाही आणि जमिनीवरचा पालापाचोळा, म्हणजे उद्याची माती, राख होऊन पहिल्या पावसात वाहून जाते. शेळ्या-गुरे कोवळे शेंडे खातात. पळसाला मात्र ती सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून ज्या टेकडीवर पळस, बोर आणि घाणेरी एवढेच उरले आहे तेथे बाकीचे मार्ग केव्हाच बंद झाले, असे समजावे. घाणेरी ही परदेशातून आलेली झुडपी. ती दाट माजली की खाली गवत आणि रोपे येत नाहीत, आणि उन्हाळ्यात तिची वाळलेली काडी आगीला वर चढवते.

आगी लागतात त्या बहुतेक माणसांच्या हातून. मोहाची फुले वेचण्यास जमीन स्वच्छ हवी, तेंदूला कोवळी पाने लवकर फुटावीत, गवताला नवे कोंब यावेत, या हेतूंनी पाचोळा पेटवला जातो. येथे सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखाचे स्मरण होते. राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी कोरवलेल्या त्या लेखात विनाकारण अथवा प्राणिहिंसेसाठी रानाला आग लावू नये अशी आज्ञा आहे, आणि जिवंत प्राणी असलेला भुसा जाळण्याचाही निषेध आहे. वणव्याविरुद्धची राजाज्ञा या देशात सव्वादोन हजार वर्षांहून जुनी आहे.

या सर्वांवर आता पावसाचे बदललेले स्वरूप येऊन पडले आहे. बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ ते २००० या काळातील नोंदींचा अभ्यास करून २००६ साली दाखवून दिले की, मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढत गेल्या आणि मध्यम पावसाच्या घटना घटत गेल्या. शुष्क वनाला हे दोन्हीकडून मारते. जोराचा पाऊस माती नेतो, आणि नंतरच्या लांबलेल्या उघडिपीत रुजलेले बी करपते. सर्व प्रकारची झाडे असलेले रान एवढा ताण काही प्रमाणात सोसते. ज्याचे मार्ग आधीच बंद झाले आहेत ते सोसू शकत नाही.

तरीही अजिंठ्याच्या रांगेतील वन संपलेले नाही, याची एक खूण अलीकडेच मिळाली. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ २०१९ साली तेथून निघाला आणि सुमारे १,३०० किलोमीटर भटकून त्या वर्षाच्या डिसेंबरात ज्ञानगंगेत पोहोचला. गळ्यातील यंत्रामुळे त्याचा प्रवास नोंदला गेला. पुढे त्याला ‘वॉकर’ हे नाव मिळाले. मार्च २०२१ मध्ये तोच वाघ याच रांगेच्या पश्चिमेकडील गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्यात टिपला गेला. गौताळ्यात १९४० नंतर वाघ दिसल्याची ही पहिली नोंद होती. दोन अभयारण्यांच्या मध्ये गावे, शेते आणि रस्ते आहेत. त्यांतून वाघ जाऊ शकला तो ओढ्याकाठची झाडी, टेकड्यांवरील खुरटे रान आणि गावांच्या पडीक जमिनी यांच्या आडोशाने. ज्या तुकड्यांना आपण निरुपयोगी म्हणतो ते तुकडेच दोन वनांना जोडतात.

जमीन आणि भूमिहीन

आणि नेमके येथेच आपला, म्हणजे या नियतकालिकाच्या वाचकांचा, प्रश्न उभा राहतो. धाडकडे या पडीक सार्वजनिक जमिनीला लोक ‘ई-क्लास’ म्हणतात. हद्द ओलांडली की तिलाच ‘गायरान’ म्हणतात. कागदावर ती गावाच्या गुरांची जमीन. वास्तवात अनेक गावांत भूमिहीन बौद्ध, मातंग आणि भटक्या-विमुक्त कुटुंबांच्या पोटाचा तोच एक तुकडा आहे. ज्यांना गावाने शेत दिले नाही त्यांनी खडकाळ माळ फोडला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह याच मागणीसाठी झाले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण स्वीकारले. पुढे २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला आणि २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयातील प्रकरणानंतर हा प्रश्न राज्यभर पुन्हा ऐरणीवर आला. आता याच जमिनींवर हिरवे आच्छादन वाढवावे, असे म्हटले जाते.

वन हवे की भूमिहीनाची भाकर, असा प्रश्न मांडणे हे अर्धसत्य आहे. दीघनिकायातील कूटदन्त सुत्त या बाबतीत मार्गदर्शक आहे. महाविजित राजाच्या राज्यात चोऱ्या-लुटालूट माजलेली असते. त्याचा पुरोहित त्याला सांगतो की, वध, बंधन किंवा हद्दपारी यांनी हा उपद्रव शमणार नाही. उरलेले लोक पुन्हा तेच करतील. शेती करणाऱ्यांना बी-बियाणे आणि गुरांसाठी चारा, व्यापार करणाऱ्यांना भांडवल, राजसेवेतील माणसांना अन्न व वेतन द्यावे. आपापल्या कामात गुंतलेले लोक राज्याला उपद्रव देणार नाहीत. त्यानंतर राजाने केलेल्या यज्ञात पशू मारले गेले नाहीत, यूपासाठी वृक्ष तोडले गेले नाहीत आणि कामकऱ्यांना दंडाच्या भयाने, रडत काम करावे लागले नाही. वृक्षाचे रक्षण आणि श्रमिकाचे रक्षण या दोन गोष्टी सुत्ताने एकाच ठिकाणी सांगितल्या आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

सरपणाची मोळी विकणाऱ्या बाईला दंड केल्याने तिची चूल बदलत नाही. ती उद्या अधिक लवकर उठून अधिक दूर जाते. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर लिहिलेल्या निबंधात दाखवून दिले की, जमिनीवरचा बेकार श्रमाचा भार हे मूळ दुखणे आहे आणि ते केवळ जमिनीच्या फेरमांडणीने बरे होणार नाही; त्या श्रमाला अन्यत्र उत्पादक काम मिळाले पाहिजे. जे शेतीविषयी खरे ते वनाविषयीही खरे आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या दिशेने एक दार उघडले. त्याचा लाभ घेणाऱ्या गावांपैकी अमरावती जिल्ह्यातील पायविहीर हे मेळघाटच्या पायथ्याचे गाव प्रसिद्ध आहे. २०१२ साली तेथे सामूहिक वनहक्क मिळाला; गावाने उजाड टेकडी राखली, सीताफळ वाढवले, विकले, आणि २०१४ साली त्याला राष्ट्रीय पातळीवरील जैवविविधता पुरस्कार मिळाला. परंतु आदिवासी नसलेल्या वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे, वास्तव्य व वनावरील अवलंबन सिद्ध करावे लागते. १९३० च्या सुमाराचा पुरावा कोणाकडून मागितला जातो? ज्यांची वस्ती गावकुसाबाहेर होती आणि ज्यांच्या नावे सात-बारा नव्हता त्यांच्याकडून. ही अट शिथिल व्हावी ही मागणी न्यायाची आहे, आणि वनाच्या हिताचीही आहे. ज्याला रानावर हक्क नाही त्याने ते राखावे ही अपेक्षा टिकणारी नाही.

काय करता येईल

पहिली गोष्ट, टेकडी राखताना आधी तिथे काय जिवंत आहे ते पाहावे. खुंट, धुमारे, वाळकी काटके यांची गणना करावी. जेथे मुळे जिवंत आहेत तेथे खड्डे खणून नवी रोपे लावण्यापेक्षा तीन-चार पावसाळे चराई व आग थांबवणे, खुंटावरील एक-दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढणे, घाणेरी मुळासकट उपटणे आणि उतारावर आडवे चर खणणे हे स्वस्त व खात्रीचे आहे. जेथे काहीच उरले नाही तेथेच लागवड करावी, आणि ती अंजन, धावडा, मोह, बेल, चारोळी अशा मिश्र देशी झाडांची असावी. जेथे मूळचे गवताळ माळ आहेत तेथे झाडांची गर्दी करू नये. पवन्या आणि मारवेल हेही वैविध्यच आहे.

दुसरी गोष्ट, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी यांचा बोजा शेळीवाल्या भूमिहीनावरच पडू नये. टेकडीचे दोन-तीन भाग करून एकेक भाग आळीपाळीने राखावा. बंद भागातील गवत कापून नेण्याचा पहिला हक्क ज्यांना शेत नाही त्यांना असावा. जाळरेषा काढणे, चर खणणे, घाणेरी उपटणे ही कामे रोजगार हमीतून आणि त्याच कुटुंबांना मिळावीत. फुलांसाठी पाचोळा जाळण्याऐवजी मोहाखाली जुने कापड किंवा जाळी अंथरता येते. ई-क्लास जमिनीवर जी कुटुंबे नियमाप्रमाणे पात्र आहेत त्यांचे पट्टे आधी नक्की करावेत. उरलेल्या जमिनीच्या संरक्षणाचा विचार त्यानंतर ग्रामसभेत, त्यांना बरोबर घेऊन व्हावा.

तिसरी गोष्ट आपल्या विहारांनी करण्यासारखी आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. पुष्कळदा ती कोणी तरी कार्यालयात बसून भरतो. वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारातील तरुणांनी वस्तीतील वृद्ध स्त्री-पुरुषांकडून झाडांची नावे, त्यांचे उपयोग आणि ती पूर्वी कोठे होती हे लिहून घ्यावे व ग्रामसभेपुढे ठेवावे. मोळी आणणाऱ्या, डिंक वेचणाऱ्या, तेंदूपत्ता खुडणाऱ्या आयांना जे ठाऊक आहे ते कोणत्याही पुस्तकात नाही. हीच नोंद पुढे रानावरच्या अवलंबनाचा पुरावा म्हणूनही उपयोगी पडू शकेल.

संयुत्तनिकायातील वनरोप सुत्तात उपवने व वने लावणाऱ्यांचे आणि पूल, पाणपोया, विहिरी व निवारे देणाऱ्यांचे पुण्य रात्रंदिवस वाढते असे सांगितले आहे. झाडे, पाणी आणि माणसाचा निवारा यांची तेथे एकत्र गणना केली आहे. कोणतेही एक दुसऱ्याच्या बदल्यात मागितलेले नाही. प्रत्येक गोष्ट आपल्या कारणांनी उद्भवते आणि कारणे नष्ट झाली की नष्ट होते, हा धम्माचा मूलभूत सिद्धान्त आहे. धाडच्या डोंगरावरील वनाचीही कारणे आहेत: जमिनीखालची जिवंत मुळे, निरनिराळ्या जातींचे बी, आग व कुऱ्हाडीपासून मिळालेली काही वर्षांची उसंत, आणि पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला मिळालेला पोटाचा आधार. यांतील शेवटचे कारण वगळून पहिली तीन राखता येतील, असा अनुभव कोठेही नाही.